गळ्यातला मफलर आणि मोडलेले साम्राज्य

नोव्हेंबर २०२२ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान फुटबॉलचा सामना पाहायला गेले, तेव्हा त्यांच्या गळ्यात एक मफलर होता. त्यावर हंगेरीचा नकाशा होता. मात्र तो आजच्या हंगेरीचा नसून, १९१८ पूर्वीच्या, आजच्यापेक्षा जवळजवळ तिपटीने मोठ्या हंगेरीचा होता. युक्रेनने माफीची मागणी केली, रोमानियाने निषेध नोंदवला, आणि फुटबॉल म्हणजे राजकारण नव्हे, असे ओर्बान यांनी उत्तर दिले. आपल्याकडे ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असेल. ती वाचणाऱ्याला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, की एका मफलरावरून दोन-तीन सरकारे इतकी का बिथरावीत?

त्याचे उत्तर ऑस्ट्रिया-हंगेरी नावाच्या एका मोडलेल्या साम्राज्यात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते अवघ्या काही आठवड्यांत नाहीसे झाले. त्याच सुमारास रशियाचे झारशाही साम्राज्य आणि तुर्कांचे ऑटोमन साम्राज्यही कोसळले आणि त्यांच्या वाटण्यांचे तंटे आजही बातम्यांत असतात. परंतु ऑस्ट्रिया-हंगेरीचे उदाहरण समजून घ्यायला अधिक सोयीचे आहे, कारण तिथे सगळा व्यवहार कागदावर होत असे, आणि तो कागद अजून टिकून आहे.

राज्य एक, राष्ट्रे अनेक

आधी एका शब्दाची अडचण दूर करू. ‘बहुराष्ट्रीय’ म्हटले की मराठी वाचकाला साबण विकणारी कंपनी आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. ‘राज्य’ म्हणजे सरकार, सैन्य, कर आणि सीमा असलेली व्यवस्था. ‘राष्ट्र’ म्हणजे भाषा, आठवणी किंवा धर्म यांच्या आधारे स्वतःला एक समजणारा लोकसमूह. एकाच राज्यात अशी अनेक राष्ट्रे नांदत असतील आणि त्यांना जोडणारा धागा मुख्यतः राजघराण्याचा असेल, तर ते बहुराष्ट्रीय साम्राज्य.

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने आपले हे साम्राज्य काही तलवारीने, बरेचसे लग्नसंबंधांतून आणि वारसाहक्काने जमवले होते. १८६६ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याकडून पराभव झाल्यावर सम्राट फ्रान्झ योझेफ यांना हंगेरियन सरदारांशी तडजोड करणे भाग पडले आणि १८६७ मध्ये एका घराची दोन दारे झाली. पश्चिमेच्या अर्ध्या भागाची राजधानी व्हिएन्ना, पूर्वेच्या अर्ध्या भागाची बुडापेस्ट. संसदा दोन, सरकारे दोन. परराष्ट्र व्यवहार, सैन्य आणि त्या दोहोंचा खर्च मात्र सामाईक. एकच माणूस व्हिएन्नात सम्राट आणि बुडापेस्टमध्ये राजा होता. थोरल्या दोन भावांनी वाडा वाटून घ्यावा आणि धाकट्यांना विचारूच नये, असा हा करार होता. चेक, स्लोव्हाक, पोलिश, रुथेनियन (म्हणजे आज बहुतेक करून युक्रेनियन म्हणवणारे), रोमानियन, क्रोएट, सर्ब, स्लोव्हेन आणि इटालियन हे ते धाकटे. १९१० च्या जनगणनेनुसार एकूण लोकसंख्या सुमारे पाच कोटी दहा लाख होती. त्यात जर्मन भाषक सुमारे एक कोटी वीस लाख आणि हंगेरियन सुमारे एक कोटी. म्हणजे राज्य करणाऱ्या दोन्ही भाषा मिळूनही निम्मी लोकसंख्या होत नव्हती.

हे साम्राज्य आपल्याला वाटते तितके दूरचे नव्हते. त्याच्या ट्रिएस्ट बंदरातून ऑस्ट्रियन लॉइड कंपनीच्या बोटी मुंबईला येत, आणि ज्या फ्रान्झ फर्डिनांड यांच्या सारायेव्होतील हत्येने १९१४ चे युद्ध पेटले, ते युवराज जानेवारी १८९३ मध्ये जगप्रवासाला निघाले असताना मुंबईत उतरले होते.

दहा क्राउनची नोट

खिशातली दहा किंवा शंभर रुपयांची नोट उलटून पाहा. मागच्या बाजूला एका चौकटीत पंधरा भाषांमध्ये रक्कम लिहिलेली असते. त्यात मराठीही आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नोटेवरही असेच असे. एक बाजू पूर्णपणे हंगेरियनमध्ये. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत जर्मन, आणि बारीक अक्षरांत आणखी आठ भाषांमध्ये रक्कम: चेकमध्ये ‘देसेत कोरुन’, स्लोव्हेनमध्ये ‘देसेत क्रोन’, क्रोएटमध्ये ‘देसेत क्रुना’, शिवाय पोलिश, रुथेनियन, इटालियन, सर्ब आणि रोमानियन. (हा ‘देसेत’ आपल्या ‘दश’चा दूरचा भाऊबंद आहे, हे जाता जाता.)

या नोटेत साम्राज्याचा सगळा स्वभाव उतरला आहे. व्हिएन्नाच्या अर्ध्या भागात सर्व भाषासमूहांना समान हक्क असल्याचे १८६७ च्या राज्यघटनात्मक कायद्यात लिहिलेले होते, म्हणून त्या बाजूला भाषांची रांग लागली. बुडापेस्टच्या दृष्टीने हंगेरीत राजकीय राष्ट्र एकच, ते हंगेरियन; म्हणून त्या बाजूला दुसरे अक्षर नाही. नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. स्लोव्हाक भाषा नोटेवर कुठेच नाही. स्लोव्हाक लोक हंगेरीच्या अर्ध्या भागात राहत होते, त्यामुळे जर्मन बाजूच्या रांगेत त्यांना जागा नव्हती आणि हंगेरियन बाजूला रांगच नव्हती.

सैन्यातही अशीच तडजोड होती. ‘सावधान’, ‘गोळी झाडा’ यांसारख्या सुमारे ऐंशी जर्मन आज्ञा प्रत्येक शिपायाला पाठ कराव्या लागत. त्यापलीकडे पलटणीतल्या शिपायांची जी भाषा असेल ती अधिकाऱ्याने शिकायची, असा नियम होता. ही व्यवस्था गैरसोयीची होती, पण अर्धे शतक चालली. ‘इतक्या भाषा म्हणजे मोडणारच’ असे जे आपण सहज म्हणून टाकतो, ते म्हणूनच मला पटत नाही.

रकाना एकच

माझ्या मते या साम्राज्याने मागे ठेवलेला सर्वांत टिकाऊ वारसा म्हणजे जनगणनेच्या तक्त्यातला एक रकाना. १८८० पासून व्हिएन्नाच्या भागात प्रत्येकाला ‘रोजच्या व्यवहाराची भाषा’ विचारली जाऊ लागली, हंगेरीत ‘मातृभाषा’. दोन्हीकडे उत्तर एकच लिहायचे होते. घरी चेक, दुकानात जर्मन आणि देवळात तिसरेच काही बोलणाऱ्या माणसाला तिथे जागा नव्हती. लाखो ज्यूंची यिडिश भाषा तर व्हिएन्नाच्या यादीत नव्हतीच; त्यांनी जर्मन, पोलिश असे काहीतरी लिहायचे.

अशी दुभाषी माणसे अपवादाने नव्हती. बोहेमिया आणि मोराविया, म्हणजे आजचा चेक प्रजासत्ताक, या भागांत चेक आणि जर्मन गावांतली कुटुंबे मुलांची काही महिन्यांसाठी अदलाबदल करत. तुमचा मुलगा आमच्याकडे राहून जर्मन शिकेल, आमचा तुमच्याकडे राहून चेक; दोघांना पुढे बाजारात उपयोग होईल. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या दृष्टीने भाषा हे हत्यार होते, जितकी हाताशी तितकी बरी.

परंतु रकान्यातल्या बेरजेवर शाळा, अनुदान आणि कचेरीची भाषा ठरू लागली, तेव्हा प्रत्येक डोके मोलाचे झाले. जनगणनेच्या आधी दोन्हीकडच्या संघटना घरोघर फिरू लागल्या. १९०५ मध्ये मोरावियात एक तडजोड झाली: मतदारांच्या चेक आणि जर्मन अशा वेगळ्या याद्या करायच्या, प्रत्येकाने आपल्या यादीतल्या उमेदवाराला मत द्यायचे, म्हणजे निवडणुकीत भाषेवरून भांडण उरणार नाही. शांततेसाठी केलेला हा उपाय हुशारीचा होता, पण त्यामुळे दोन्ही याद्यांत नाव असणे किंवा कोणत्याच यादीत नसणे अशक्य झाले. त्याच सुमारास शाळांसाठी नियम आला, की मुलाला ज्या भाषेचे ज्ञान आहे त्याच भाषेच्या शाळेत त्याला प्रवेश मिळेल. मग ‘हे मूल आमचे आहे, तुमच्या शाळेत चुकीचे बसले आहे’ असा दावा एका भाषेची शाळामंडळे दुसऱ्या भाषेच्या शाळेवर करू लागली. मुलाची परीक्षा होई, आणि आपल्या पोराला कुठे घालायचे ते आम्ही ठरवू, म्हणून आईबाप न्यायालयात जात.

भाषा म्हणजे नोकरी

या भांडणात भावनेइतकाच पोटाचा प्रश्न होता. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या सरकारचे पंतप्रधान बादेनी यांनी हुकूम काढला, की बोहेमिया व मोरावियातील सरकारी कर्मचाऱ्यांना काही वर्षांत चेक आणि जर्मन या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. वरकरणी अत्यंत न्याय्य वाटणारी ही गोष्ट. पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन येतच असे, आणि जर्मन माणसाने चेक शिकण्याची तसदी सहसा घेतलेली नसे. म्हणजे हुकूम अमलात आला असता, तर नोकऱ्यांच्या रांगेत चेक उमेदवार आपोआप पुढे गेले असते.

व्हिएन्नाच्या संसदेत जे झाले ते आजही वाचण्यासारखे आहे. एका जर्मन सदस्याने कामकाज रोखण्यासाठी सलग बारा तास भाषण केले. बाके आपटली गेली, शाईच्या दौती फेकल्या गेल्या, अखेर सभागृहात पोलीस शिरले. रस्त्यांवर दंगली झाल्या. नोव्हेंबरमध्ये बादेनी गेले. पुढे त्यांचे हुकूमही रद्द झाले, आणि तोवर प्रागमध्ये चेक जमावही रस्त्यावर उतरून गेला होता. भाषेचा हक्क आणि भाकरीचा हक्क एकमेकांत असे गुंतले, की एकाला दिलेला न्याय दुसऱ्याला अन्याय वाटतो. आपल्याकडे सीमाभागातल्या कोणत्याही माणसाला हे वेगळे सांगायला नको.

इतके तंटे होते, तर साम्राज्य मोडणारच होते ना?

हा पहिला आक्षेप. शाळेच्या पुस्तकांत साम्राज्याला ‘राष्ट्रांचा तुरुंग’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु १९१४ पर्यंत चेक, स्लोव्हेन किंवा क्रोएट पक्षांपैकी पूर्ण स्वातंत्र्य मागणारे फारच थोडे होते. बहुतेकांना हवा होता घरातच आपला वेगळा, मानाचा हिस्सा. चेक इतिहासकार पालात्स्की यांनी तर १८४८ मध्ये म्हटले होते, की ऑस्ट्रिया नसता तर तो निर्माण करावा लागला असता. कारण जर्मनी आणि रशिया या दोन जात्यांमध्ये लहान राष्ट्रांचे पीठ होईल, ही त्यांची भीती होती. पुढच्या शंभर वर्षांत ती खरी ठरली.

साम्राज्य मोडले ते युद्धाने, आणि युद्धातही रणांगणाइतकेच ते भुकेने मोडले. दहा लाखांहून अधिक सैनिक मारले गेले. धान्य पिकवणारा मोठा भाग हंगेरीकडे होता आणि कारखान्यांची शहरे व्हिएन्नाच्या बाजूला. टंचाई सुरू झाल्यावर हंगेरीने आपल्या कोठारांची दारे हळूहळू ओढून घेतली. जानेवारी १९१८ मध्ये संपांची लाट आली. जूनमध्ये व्हिएन्नातला पावाचा शिधा निम्म्यावर आला. नोटेवर सोबत छापलेल्या भाषांचे लोक पावाच्या रांगेत एकमेकांना दोष देऊ लागले. सरकारला शिधा देता येईना, तेव्हा गावोगावच्या राष्ट्रीय समित्यांनी तो वाटायला घेतला. शिधा जो देतो, त्यालाच लोक सरकार म्हणतात.

शेवट झटक्यात झाला. १६ ऑक्टोबर १९१८ रोजी नवे सम्राट कार्ल यांनी साम्राज्याचे संघराज्य करण्याचे जाहीर केले, आणि तेही फक्त व्हिएन्नाच्या अर्ध्या भागापुरते. २८ तारखेला प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाची घोषणा झाली, २९ ला क्रोएटांची राजधानी झाग्रेबने संबंध तोडले, ३१ ला बुडापेस्टमध्ये क्रांती झाली. ११ नोव्हेंबरला कार्ल यांनी राज्यकारभारातून अंग काढून घेतल्याच्या कागदावर सही केली, तेव्हा त्यांच्याकडे राज्यच उरले नव्हते.

वाटणी

एकत्र कुटुंब फुटते तेव्हा शेत वाटता येते, भांडी मोजता येतात. अडते ते विहिरीपाशी. साम्राज्याच्या विहिरी म्हणजे रेल्वे, चलन आणि बाजारपेठ. ग्म्युंड नावाच्या गावाचे उदाहरण घ्या. व्हिएन्ना-प्राग मार्गावरचे हे जंक्शन. तिथले स्टेशन आणि रेल्वेचा कारखाना चेकोस्लोव्हाकियाला हवा होता, म्हणून १९२० मध्ये सीमारेषा अशी वळवली, की मूळ गाव ऑस्ट्रियात राहिले आणि स्टेशन परदेशात गेले.

चलनाची तऱ्हा आणखी मजेची. साम्राज्य गेले, तरी त्याच्या नोटा सगळीकडे चालूच होत्या, आणि व्हिएन्नातली बँक त्या छापत होती. म्हणून नव्या राज्यांनी आपल्या हद्दीतल्या नोटांवर स्वतःचे शिक्के उमटवले किंवा तिकिटे चिकटवली. चेकोस्लोव्हाकियाने १९१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यासाठी सीमाच बंद केल्या. जिथे आपल्या नोटेला जास्त भाव मिळेल तिथे ती चोरून नेण्याचा धंदा जोरात चालला. पाच कोटींच्या साम्राज्याची राजधानी असलेले व्हिएन्ना आता पासष्ट लाखांच्या देशाचे वीस लाखांचे शहर झाले. १९२२ मध्ये महागाईने ऑस्ट्रियन चलनाची माती झाली आणि राष्ट्रसंघाने मिळवून दिलेल्या कर्जावर देश सावरावा लागला.

माणसांची वाटणी मात्र कोणत्याच तिकिटाने होण्यासारखी नव्हती. ‘स्वयंनिर्णय’, म्हणजे आपण कोणत्या राज्यात राहायचे हे लोकांनी स्वतः ठरवणे, हा त्या दिवसांतला मंत्र. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे नाव त्याला चिकटले आहे. पण जानेवारी १९१८ च्या त्यांच्या चौदा कलमांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लोकांसाठी केवळ स्वायत्त विकासाची संधी मागितली होती, साम्राज्य मोडण्याची भाषा नव्हती. प्रत्यक्षात लोकांना विचारले गेले ते मोजक्या ठिकाणी. जिथे विचारले, तिथे उत्तर रकान्याप्रमाणे आलेच असे नाही. ऑक्टोबर १९२० मध्ये ऑस्ट्रिया आणि नवे युगोस्लाव्ह राज्य यांच्या सीमेवरील कारिंथियाच्या दक्षिण भागात सार्वमत झाले. जुन्या जनगणनेप्रमाणे तिथले सुमारे सत्तर टक्के लोक स्लोव्हेन भाषक होते, तरी ५९ टक्के मते ऑस्ट्रियात राहण्याच्या बाजूने पडली. हजारो स्लोव्हेन शेतकऱ्यांनी आपली भाषा एकीकडे आणि आपला बाजार, आपली वाट दुसरीकडे असा हिशेब केला. दुसऱ्या बाजूला, उरलेल्या ऑस्ट्रियाला जर्मनीत सामील व्हायचे होते, तर तहाने त्याला मनाई केली.

नव्या राज्यांची नावे राष्ट्रांची होती, पोट मात्र साम्राज्याचे. चेकोस्लोव्हाकियाच्या १९२१ च्या जनगणनेत जर्मन भाषक तेवीस टक्क्यांच्या आसपास होते, स्लोव्हाकांहून अधिक. ते दिसू नये म्हणून ‘चेकोस्लोव्हाक’ असा एकच रकाना करण्यात आला. तक्ता तोच, बेरीज करणारे हात बदलले.

हंगेरीवर अन्याय झाला नाही का?

झाला, पण मफलरावरचा नकाशा सांगतो तसा नाही. ४ जून १९२० रोजी झालेल्या ट्रियानॉनच्या तहाने हंगेरीची दोन-तृतीयांशाहून अधिक भूमी गेली आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषक परक्या राज्यांत राहिले. सातु मारे, ओरादिया आणि आराद ही शहरे जोडणारा रेल्वेमार्ग रोमानियाला हवा होता, म्हणून त्यालगतची हंगेरियन गावेही तिकडे गेली. हे अन्यायच होते. मात्र जुन्या हंगेरीतले जवळपास निम्मे लोक हंगेरियन भाषक नव्हतेच. १९०७ च्या शाळा कायद्याने त्यांच्या मुलांवर हंगेरियन लादली जात होती आणि मतदानाचा हक्क सहा-सात टक्के लोकांनाच होता. स्लोव्हाकियात किंवा रोमानियात तो नकाशा पाहणाऱ्याला आठवते ते हे. शिवाय सेकेय नावाचा हंगेरियन समाज रोमानियाच्या अगदी मध्यभागी राहतो. त्याला हंगेरीला जोडणारी आणि मधल्या रोमानियनांवर अन्याय न करणारी रेषा कोणालाच आखता आली नसती.

ही जखम उघडी राहिली. १९३८ आणि १९४० मध्ये हिटलरच्या मदतीने हंगेरीने काही भाग परत मिळवले, युद्धानंतर ते पुन्हा गेले. हिटलरने चेकोस्लोव्हाकिया फोडला, तो तिथल्या जर्मन भाषकांच्या रक्षणाचे निमित्त करूनच. आणि युद्ध संपल्यावर सुमारे तीस लाख जर्मनांना तिथून हाकलण्यात आले. दुसऱ्या देशातले आपले भाषाबंधू हे निमित्त किती जड होऊ शकते, ते तेव्हा जगाने पाहिले. १९९० च्या दशकात हंगेरीने स्लोव्हाकिया आणि रोमानियाशी करार करून सीमा मान्य केल्या. मात्र २०१० मध्ये तिथल्या संसदेने ४ जून हा ‘राष्ट्रीय एकतेचा दिवस’ ठरवला आणि सीमेपलीकडच्या हंगेरियनांना तिथे राहूनच नागरिकत्व घेता येईल असा कायदा केला. स्लोव्हाकियाने लगेच प्रतिकायदा करून, दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे आपले नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद केली. २०१७ च्या अखेरीपर्यंत दहा लाख लोकांनी हंगेरीचे हे नागरिकत्व घेतले होते, आणि त्यांना संसदेच्या निवडणुकीत पक्षाच्या यादीला मत देता येते. सीमा हलवता येत नाही, मतदारयादी हलवता येते. हंगेरीने बळ वापरलेले नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. पारपत्रे वाटून नंतर ‘आपल्या नागरिकांच्या’ रक्षणासाठी सैन्य पाठवण्याचा प्रकार रशियाने २००८ मध्ये जॉर्जियात केला. मफलर पाहून शेजारी दचकतात ते अशा आठवणींमुळे.

मग भारत का मोडला नाही?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. आपल्याही नोटेवर भाषांची रांग आहे, आपल्याकडेही भाषेवरून माणसे मेली आहेत. एकाच कारणाने याचे उत्तर देता येणार नाही. वसाहतीविरुद्धचा सामाईक लढा, प्रौढ मताधिकार, प्रत्येक राज्यात वेगळे पडणारे जात-धर्माचे प्रश्न, अशी कारणे अनेक. पण दोन फरक या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिला: सम्राट कार्ल यांना जे संघराज्य शेवटच्या महिन्यात सुचले, ते भारताने १९५६ पासून, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत १९६० मध्ये, बरेच भांडण आणि बलिदान झाल्यावर का होईना, पण शांततेच्या काळात करून टाकले. दुसरा फरक लहान, पण मला बोलका वाटतो. आपल्या जनगणनेत मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांचीही नोंद होते. रकाना एक नाही, तीन आहेत.

तरीही तंटे मिटलेले नाहीत, हे बेळगावने दाखवून दिले आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा जुन्या जनगणनांचे भाषिक आकडे आणि गाव हा घटक यांभोवतीच फिरतो. फक्त तिथे दोन्ही बाजूंचे पारपत्र एकच आहे, आणि रेषा कुठेही गेली तरी बसगाडी चालूच राहते.

पुसलेल्या रेषेचे ठसे

साम्राज्य गेले तरी दफ्तर राहिले. आजच्या क्रोएशियात जमिनीच्या कागदांवर क्षेत्रफळ ‘चौरस ह्वात’ या जुन्या मापात लिहिलेले अनेकदा दिसते. एक चौरस ह्वात म्हणजे सुमारे ३.६ चौरस मीटर, आपल्या गुंठ्याचा अगदीच धाकटा भाऊ. ज्या मोजणीवरून ते आकडे आले, ती एकोणिसाव्या शतकात हाब्सबुर्ग सरकारने केली होती. रोमानियात जमिनीच्या हक्कांची नोंद ठेवण्याची साम्राज्याची पद्धत ट्रान्सिल्व्हेनियात होती, म्हणजे हाब्सबुर्गांच्या जुन्या भागात; इटलीतही ट्रिएस्ट आणि दक्षिण टायरोलकडे ती आजतागायत चालू आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, आज एकाच देशात असलेल्या पण पूर्वी साम्राज्याच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या गावांची तुलना केली होती. पूर्वी साम्राज्यात असलेल्या बाजूच्या लोकांचा न्यायालयांवर आणि पोलिसांवर विश्वास थोडा अधिक आणि लाच देण्याचे प्रमाण थोडे कमी आढळले. असे निष्कर्ष जपूनच घ्यावेत, कारण शंभर वर्षांत मध्ये दुसरेही बरेच काही घडलेले असते. पण शिस्तीच्या कारकुनाची आठवण तीन पिढ्या टिकते, यावर गावाकडचा माणूस सहज विश्वास ठेवेल.

दक्षिण टायरोलमध्ये तर मोरावियाची तडजोडच नव्या रूपात नांदते आहे. १९१९ मध्ये इटलीला मिळालेला हा जर्मनबहुल डोंगराळ मुलूख. मुसोलिनीने तिथली जर्मन भाषा दडपली, युद्धानंतर बॉम्बस्फोट झाले, आणि अखेर १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने सरकारी नोकऱ्या जर्मन, इटालियन आणि लादीन या भाषासमूहांच्या प्रमाणात वाटून देण्यात आल्या. १९९२ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांनी हा वाद मिटल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. प्रदेश आज सधन आणि शांत आहे. फक्त नोकरीच्या अर्जासाठी आपण कोणत्या समूहाचे, याचा दाखला लागतो, आणि ज्याचे वडील इटालियन व आई जर्मन, त्यालाही एका समूहाशी नाव जोडावेच लागते.

सेल्मेंत्स

शेवटी एका गावाविषयी. स्लोव्हाकिया आणि युक्रेन यांच्या सीमेवर सेल्मेंत्स नावाचे हंगेरियन भाषक गाव आहे. थोरले आणि धाकटे सेल्मेंत्स, एकमेकांना लागून वाढलेले. १९१८ पर्यंत ते हंगेरीत होते, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ नंतर पुन्हा हंगेरीत. युद्धाच्या अखेरीस चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्यामधली सीमा गावातून काढली गेली. थोरले चेकोस्लोव्हाकियात (आजच्या स्लोव्हाकियात), धाकटे सोव्हिएत संघात (आजच्या युक्रेनमध्ये). मध्ये कुंपण, आणि पलीकडच्याशी बोलायला मनाई. शेतात काम करताना लोक लग्नाच्या आणि मरणाच्या बातम्या गाण्याच्या चालीवर मोठ्याने म्हणत, म्हणजे पलीकडच्या नातेवाइकांच्या कानी पडत, असे गावकरी सांगतात. पुढे गावात एक कोरीव लाकडी वेस उभारली गेली, मधोमध कापून अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे.

डिसेंबर २००५ मध्ये तिथे पायी जाण्यापुरता रस्ता उघडला. दोन वर्षांनी स्लोव्हाकिया युरोपच्या सामाईक प्रवासक्षेत्रात गेला, आणि धाकट्या सेल्मेंत्सच्या माणसाला रस्ता ओलांडून चुलतभावाकडे जायला कडक नियमांचा व्हिसा लागू लागला. २०१७ मध्ये ती अट गेली. २०२२ पासून युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे, आणि लढण्याच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास मनाई आहे. त्यामुळे वेशीतून पलीकडे जाताना दिसतात त्या मुख्यतः बायका, म्हातारी माणसे आणि मुले.